दोन टोकांची मुलं : तंबाखूचं शेत आणि ओढणाऱ्याची जबाबदारी

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं, मग सुरुवात करू या.

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्या अभ्यासगटातच वाद झाला. काही जण म्हणाले, तंबाखू वाईट हे कोणाला माहीत नाही? पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, सिनेमागृहात पडद्यावर सूचना येते. आता आणखी काय सांगणार? त्यावर आम्ही ठरवलं की ओढणाऱ्याच्या फुप्फुसाबद्दल आज फारसं बोलायचं नाही. ओढण्याआधी काय काय घडून गेलेलं असतं, त्याबद्दल बोलायचं. आणि ते कळल्यावर ओढणाऱ्याची, खाणाऱ्याची, विकणाऱ्याची, आपल्या सगळ्यांची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे तपासायचं.

पहिला मुक्काम आफ्रिकेत, मलावी या देशात. छोटा देश आहे, समुद्रकिनारा नाही, पण मोठं सरोवर आहे. परकीय चलनाच्या कमाईचा सुमारे निम्मा वाटा तंबाखूतून येतो. तिथे मुख्यतः बर्ली जातीचा तंबाखू होतो. त्याला भट्टी लागत नाही. पानं शेडमध्ये टांगून हवेवर वाळवतात, आणि सिगारेटच्या मिश्रणात तो जगभर जातो. म्हणजे तुमच्या-आमच्या कानावर ज्या परदेशी सिगारेटींची नावं असतात, त्यात मलावीचं पान असण्याची शक्यता बरीच आहे.

आता तिथली पद्धत बघा. देशाच्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत जमीन कमी, माणसं जास्त. तिथली कुटुंबं मध्य आणि उत्तर भागातल्या तंबाखूच्या मळ्यांवर जायची. जमीन मालकाची. बियाणं, खत आणि खायला मका मालकाकडून उसना. हंगाम संपला, तंबाखू विकला गेला, की त्या उसनवारीचे पैसे कापून उरलेलं हातात. बरेचदा उरायचं फार थोडं, कधी उलट देणंच निघायचं. ऐकताना आपल्याकडची ऊसतोडीची उचल आठवली असेल, तर ती बरोबर आठवली. तपशील वेगळे आहेत, गाठ तीच आहे. आधी घेतलेल्या पैशासाठी अख्खं कुटुंब हंगामभर बांधलेलं राहतं. 2021 मध्ये मलावीने कायदा बदलून ही पद्धत रद्द केली. पण पिढ्यान् पिढ्यांची पद्धत कागदावर रद्द झाली म्हणून शेतातून लगेच जात नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या हिशेबात मूल कुठून येतं? मालक मुलाला कामावर ठेवत नाही. मुलाचं नाव कुठल्या वहीत नसतं. करार बापाशी होतो, आणि भाव मिळतो तो पानाच्या वजनाला आणि प्रतीला. जितके हात जास्त, तितकं पान जास्त. मग सात-आठ वर्षांचं पोरही हातच होतं.

आणि तंबाखू हे फार हात मागणारं पीक आहे. रोपवाटिका, लागण, खुरपणी. नंतर शेंडा खुडायचा, म्हणजे झाडाची ताकद पानात जाते. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, ते पुन्हा पुन्हा काढायचे. पानं एकदम काढणीला येत नाहीत, खालून वर टप्प्याटप्प्याने येतात. ती तोडायची, ओवायची, टांगायची, वाळली की उतरवायची, रंग आणि पोत बघून निवडायची, गासड्या बांधायच्या. मलावीत प्राथमिक शिक्षण 1994 पासून मोफत आहे. पण पावसाबरोबर लागण आणि वर्षाच्या सुरुवातीला तोडणी, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत शेतातलं काम भरात असतं. फी माफ झाली तरी मुलाचे दिवस मोकळे होत नाहीत.

इथे श्रोत्यांच्या मनात एक शंका येतेच, आणि ती रास्त आहे. शेतकऱ्याच्या घरची पोरं शेतात काम करतातच की! या सभागृहातही शाळेतून आल्यावर भुईमुगाच्या शेंगा तोडलेले, म्हशी चारलेले लोक असतील. त्यात काय बिघडलं?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना इथे एक फरक करते, आणि तो महत्त्वाचा आहे. मुलाने केलेलं प्रत्येक काम म्हणजे बालमजुरी नव्हे. वयाला झेपेल असं, शाळा न बुडवता, अपाय न होता केलेलं घरचं काम वेगळं. ज्या कामाने शाळा सुटते किंवा शरीराला, मनाला धोका पोचतो, ती बालमजुरी. किमान वयाबद्दलचा 138 क्रमांकाचा करार 1973 चा, आणि बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांबद्दलचा 182 क्रमांकाचा करार 1999 चा. भारताने हे दोन्ही 2017 मध्ये मान्य केले. आता प्रश्न असा की तंबाखूचं काम यातल्या कुठल्या बाजूला पडतं?

त्यासाठी थोडं शरीरशास्त्र. तंबाखूच्या हिरव्या पानात निकोटीन असतं आणि ते पाण्यात विरघळतं. पहाटे पानावर दव असतं, पावसाळ्यात पाणी असतं, दुपारी अंगाला घाम असतो. ओलं पान उघड्या हाताला, दंडाला, पाठीला घासत राहतं आणि निकोटीन कातडीतून रक्तात उतरतं. मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर, झोप उडणं. वैद्यकात याला हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या तोडणी कामगारांमध्ये हा आजार 1970 मध्ये नोंदला गेला, आणि नंतर आपल्याकडे गुजरातमधल्या तंबाखू कामगारांवरही अभ्यास झाले.

मुलांना हा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त का होतो? साधं गणित आहे. लहान शरीरात वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्र जास्त असतं. म्हणजे तितकंच ओलं पान अंगाला लागलं तरी किलोमागे विष जास्त. शिवाय ज्याला तंबाखूची सवय आहे, त्याचं शरीर निकोटीनला सरावलेलं असतं. मूल सरावलेलं नसतं. मलावीतल्या मुलांशी बोलून प्लॅन या संस्थेने 2009 मध्ये अहवाल काढला होता. त्यात म्हटलं होतं की तोडणीच्या दिवसांत कामगाराच्या अंगात दिवसाला 54 मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन जाऊ शकतं, म्हणजे सरासरी 50 सिगारेटींइतकं. ज्या मुलाने आयुष्यात एक सिगारेट ओढलेली नाही, त्याच्याबद्दल आपण बोलतोय.

तेव्हा भुईमुगाच्या शेंगा आणि तंबाखूचं पान यांत फरक आहे. इथे पीकच विषारी आहे.

कोणी म्हणेल, हे गरीब देशाचं दुखणं. म्हणून दुसरा मुक्काम अमेरिकेत करू. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2014 मध्ये नॉर्थ कॅरोलिना, केंटकी, टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांतल्या तंबाखूच्या शेतांत काम करणाऱ्या 141 मुलांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. वयं 7 ते 17. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांनी मळमळ, डोकेदुखी, चक्कर यांसारखा त्रास सांगितला. तिथला संघीय कायदा असा की आईबापांची परवानगी असेल तर 12 वर्षांचं मूल शाळेबाहेरच्या वेळात शेतावर मजुरी करू शकतं. आणि सिगारेट विकत घ्यायचं वय 2019 च्या अखेरीपासून किती झालं? 21. म्हणजे पान तोडायला बारा वर्षं पुरतात, ते ओढायला मात्र एकवीस लागतात. अहवालानंतर काही मोठ्या कंपन्यांनी 16 वर्षांखालच्यांना शेतावर ठेवू नका, असं आपल्या पुरवठादारांना सांगितलं. चांगलंच झालं. पण कायदा तिथेच राहिला.

आता तिसरा मुक्काम. तो घरचा आहे.

निपाणी. आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, पण बोली मराठी. बिडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ. निपाणी म्हटलं की जुन्या लोकांना 1981 आठवतं. व्यापारी भाव पाडतात म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि 12 शेतकरी मेले. त्याच गावात, त्याच काळात, तंबाखूच्या वखारींमध्ये बायका तंबाखू कुटत, चाळत, निवडत होत्या. धुरळा नाकातोंडात जायचा. त्याही संघटित झाल्या. युगांतर या गटाने 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला आहे. एका बाजूला वखारीतल्या बाईला पुरेशी मजुरी नाही, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याला पुरेसा भाव नाही. मधल्या कुणाचं तरी भलं चाललेलं. मूल कामाला का जुंपलं जातं, याचं उत्तर इथे आहे. आईबाप निर्दय नसतात. पानाला आणि मजुरीला भाव इतका कमी असतो की दोन मोठ्या माणसांच्या कष्टात घर भागत नाही.

आणि मग सोलापूर. इथे आम्ही थोडं घरातलं सांगणार आहोत. आमच्या गटातल्या एका सहकाऱ्याची आई सोलापुरात बिड्या वळायची. हे सांगायला त्याची परवानगी आहे, किंबहुना त्याचाच आग्रह आहे. मांडीवर सूप. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, त्यात तंबाखूची चिमूट, गुंडाळी, वर तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांमागे. त्यातून खराब म्हणून काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. हजाराचा आकडा गाठायचा तर आईला एकटीला दिवस पुरत नसे. म्हणून त्याची अक्का, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण, नवव्या वर्षी सुपापाशी बसली. पानं कापायला म्हणून बसली ती उठली नाही. चौथीनंतर शाळा संपली. तिच्या आणि आईच्या बिड्यांवर हा शिकला, पदवीधर झाला.

तो आम्हाला म्हणाला, "तुम्ही बिडीला शिव्या घालता तेव्हा मला गप्प बसवत नाही. माझी फी बिडीने भरली. पण अक्काला विचारलं तर ती काय म्हणेल, ते मला ठाऊक आहे. तिने कधी बोलून दाखवलं नाही एवढंच."

आम्ही हा विषय घेतला तो या वाक्यामुळे. यात कोणाला दोषी म्हणायचं? आईला?

कायद्याने काय केलं तेही बघू. बिडी आणि सिगार कामगारांसाठी 1966 मध्ये कायदा झाला. बिडीच्या कारखान्यात 14 वर्षांखालच्या मुलाला ठेवायला त्याने बंदी केली. मग काम घरी गेलं. 1986 च्या बालमजुरी कायद्यात बिडी वळणं हे मुलांसाठी बंदी असलेल्या कामांच्या यादीत होतं. पण जिथे माणूस आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करतो, तिथे ती बंदी लागू नव्हती. म्हणजे कारखान्यातली नऊ वर्षांची मुलगी बालमजूर, आणि घरातल्या सुपापाशी तेच काम करणारी मुलगी आईला मदत करणारी गुणी पोर! 2016 मध्ये दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी आली आणि 18 पर्यंतच्यांना धोकादायक कामांत. तरी शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायची सूट राहिलीच, काम धोकादायक नसावं या अटीवर. पण घरात काय चाललंय हे बघायला निरीक्षक कुठल्या दारातून आत जाणार?

जगाचा आकडा एकच सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या 2024 च्या अंदाजानुसार जगात सुमारे 13 कोटी 80 लाख मुलं बालमजुरीत आहेत. त्यांतली 61 टक्के शेतीत. गिरणी, हॉटेल, फटाक्याचा कारखाना आपल्याला दिसतो. शेत दिसत नाही, कारण तिथे मूल आईबापांच्या शेजारी उभं असतं.

आता नीतीचा प्रश्न. तंबाखू ओढणारा नेहमी एक युक्तिवाद करतो, आणि तो हलका नाही. तो म्हणतो, माझं शरीर, माझा पैसा, माझा धोका. दुसऱ्याला त्रास देत नाही, बाहेर जाऊन ओढतो. तुम्ही कोण सांगणार? उदारमतवादी विचारात या म्हणण्याला जागा आहे. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये मांडलेलं तत्त्व थोडक्यात हेच की प्रौढ माणसावर सक्ती करायची ती फक्त त्याच्याकडून इतरांना होणारा अपाय टाळण्यासाठी.

ठीक आहे. हेच तत्त्व धरून चालू. इतरांना अपाय म्हटलं की आपण फक्त शेजाऱ्याच्या नाकात जाणाऱ्या धुराचा विचार करतो. पण अपाय पेटवल्यानंतरच होतो असं कुठे आहे? तो पेटवण्याआधीही झालेला असतो, पान तोडणाऱ्या हाताला. बाहेर जाऊन ओढल्याने शेजारी वाचतो, मलावीतलं पोर वाचत नाही. तेव्हा "हा फक्त माझा प्रश्न" हे विधान वस्तुस्थिती म्हणूनच चूक आहे.

यावर तीन आक्षेप येतात. एकेक घेऊ.

पहिला : मग साखरेचं काय, कापसाचं काय? तिथेही मुलं आहेत. खरं आहे. तिथलीही जबाबदारी आपल्यावर आहेच. पण एक फरक आहे. साखर, कापूस यांचा माणसाला उपयोग आहे, म्हणून तिथे मागणी अशी करायची की काम स्वच्छ करा, मजुरी द्या, मुलांना शाळेत पाठवा. तंबाखूच्या बाबतीत दुसऱ्या पारड्यात काय टाकणार? नेहमी तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक त्यानेच मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाचा त्रास ज्या फायद्याशी तोलायचा, तो फायदाच नाही.

दुसरा : मी एकट्याने सोडून काय फरक पडणार? एका माणसाने सोडल्याने मलावीतलं एक शेत बंद होणार नाही, हे कबूल. पण नीतीत आपण परिणामाइतकाच सहभागही मोजतो. एकाने मत दिल्याने सरकार पडत नाही, तरी मत विकणं आपण वाईटच म्हणतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे : सगळ्यांनी सोडलं तर त्या गरिबांनी खायचं काय? आमच्या सहकाऱ्याच्या आईने काय केलं असतं? या प्रश्नाला टाळ्या घेणारं उत्तर नाही. पण दोन गोष्टी सांगता येतात. एक, व्यसन रातोरात सुटत नाही, मागणी वर्षानुवर्षं हळूहळू उतरते, म्हणजे बदलाला वेळ मिळतो. जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या 17 व्या कलमात कामगार आणि शेतकऱ्यांसाठी पर्यायी रोजगाराला चालना देण्याचं सरकारांनी मान्य केलं आहे. भारताने हा करार 2004 मध्येच मान्य केला. त्याची आठवण सरकारला कोण करून देतं? दोन, आपण बिडी घेत राहिलो म्हणून अक्का शाळेत गेली नाही. इतकी वर्षं मागणी होती, धंदा तेजीत होता, आणि ती सुपापाशीच होती. गरिबाचं पोट भरतं हे कारण पुढे करून आपण त्याच गरिबीला कायम ठेवतो.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. ओढणारा हा खलनायक नाही. देशात 2016-17 मध्ये प्रौढांची मोठी पाहणी झाली. तिच्यात सिगारेट ओढणारे 4 टक्के आणि बिडी ओढणारे 7.7 टक्के निघाले. बिडी कोण ओढतो? हमाल, गवंडी, शेतमजूर. एका गरीब घराने वळलेली बिडी दुसरा गरीब ओढतो. आणि महाराष्ट्रात तर ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत. चुना-तंबाखू, मिसरी, गुटखा. तेव्हा "मी सिगारेट ओढत नाही" म्हणून या व्याख्यानातून कोणी सुटत नाही. तळहातावर मळलेला तंबाखूही कुठल्या तरी शेतातूनच येतो.

शिवाय यातल्या बहुतेकांना सवय लागली ती शाळा-कॉलेजच्या वयात. म्हणून आम्ही म्हणतो की या धंद्याला मूल दोन्ही टोकांना लागतं. एका टोकाला पान तोडायला, दुसऱ्या टोकाला नवं गिऱ्हाईक म्हणून. मधली माणसं मरत असतात, त्यांची जागा भरावी लागते. "मी स्वेच्छेने ओढतो" म्हणणाऱ्या चाळीस वर्षांच्या माणसाला एवढंच विचारा, सुरुवात केलीस तेव्हा तुझं वय काय होतं?

मग करायचं काय? ज्याला सवय आहे त्याने लाजून लपवू नये, मदत मागावी. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत राष्ट्रीय सेवा आहे, 1800-11-2356. गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या मुक्तिपथ उपक्रमाने दाखवलंय की हे काम गावाने मिळून करता येतं. ज्याला सवय नाही त्याने पोराला "जा रे, दुकानातून पुडी घेऊन ये" म्हणून पाठवणं आधी थांबवावं. 18 वर्षांखालच्याला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आपणच ते करवून घेतो. कुठे मूल कामाला जुंपलेलं दिसलं तर 1098 वर कळवा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मूल उचलून नेलं आणि आईच्या हजार बिड्यांचा दर तोच राहिला, तर उद्या तिथे धाकटं बसेल. मजुरीची मागणी आणि शाळेची मागणी एकत्रच करावी लागते.

प्रश्नोत्तरांत एका काकांनी विचारलं होतं, तेही इथे नोंदवतो. ते म्हणाले, "पन्नास वर्षं तंबाखू खातोय. आता या वयात सोडून त्या पोरांचं काय भलं होणार?"

आम्ही त्यांना विचारलं, काका, घरी नातवंडं आहेत का? म्हणाले, दोन आहेत. पुडी कोण आणून देतं? काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "थोरला." सभागृहात कोणी हसलं नाही.

तेव्हा मलावी फार लांब आहे, असं समजू नका. सोलापुरातल्या आमच्या सहकाऱ्याने आपल्या अक्काला हे व्याख्यान ऐकायला बोलावलं होतं. ती आली नाही. हात दुखतात म्हणाली. पण तिची मुलगी आली होती, दुसऱ्या रांगेत बसली होती. ती बारावीला आहे. तिच्या घरात आता सूप नाही.